एका सणाचे अनेक धनी: चीनमधील दुआनवू उत्सवाच्या उत्पत्तिकथांचा आढावा

चिनी पंचांगातील पाचव्या महिन्याच्या पाचव्या तिथीस, म्हणजे बहुतेक वर्षी आपल्या ज्येष्ठ शुद्ध पंचमीच्या आगेमागे, दुआनवू नावाचा जो उत्सव चीनमध्ये पाळला जातो, त्याचे मूळ काय असे तेथील कोणत्याही शाळकरी मुलास विचारले, तर ते क्षणाचाही विलंब न लावता छ्यू युआन या कवीची कथा सांगू लागते. राजाने दूर लोटलेल्या या स्वामिनिष्ठ कवीने मीलुओ नदीत देह टाकला, त्याला वाचवण्यासाठी लोकांनी नावा हाकल्या, तो सापडला नाही तेव्हा माशांनी त्याच्या शवास तोंड लावू नये म्हणून पाण्यात भात टाकला, आणि तेव्हापासून ड्रॅगनच्या मुखाच्या नौकांच्या शर्यती होऊ लागल्या व पानांत बांधलेल्या चिकट भाताचे मुटके, ज्यांना झोंगझी म्हणतात, घरोघरी शिजू लागले, अशी ती कथा आहे. कथेत काही उणे नाही. सणाच्या प्रत्येक अंगाचा उलगडा ती करते, आणि इतक्या नेटकेपणाने करते की चिकित्सक वाचकास तेवढ्यानेच संशय यावा. कारण जुनी दप्तरे उघडून पाहू लागताच या एकाच तिथीवर हक्क सांगणारे आणखी काही मृत पुरुष आणि एक बालिका पुढे येतात, आणि त्यांच्या मागे, कोणाही पुरुषाचे नाव न धारण करणारी, ऋतूची एक जुनी धास्ती उभी दिसते. या सर्व कैफियती क्रमाने ऐकून घेऊन त्यांतील कोणती किती जुनी आणि सणाच्या कोणत्या अंगास लागू पडणारी आहे, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम मुख्य दावेदाराचाच विचार करू. इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकाच्या उत्तरार्धात जन्मलेला छ्यू युआन हा यांगत्से नदीच्या मध्य खोऱ्यातील छू राज्याचा राजकुलोत्पन्न अधिकारी होता. पश्चिमेकडील छिन राज्याचा वाढता लोभ ओळखून त्याच्याविरुद्ध छी राज्याशी सख्य राखावे असा त्याचा सल्ला होता. परंतु दरबारातील मत्सरी मंडळींनी राजा ह्वाय याचे कान भरले, राजा छिनच्या कपटास बळी पडून इ. स. पूर्व २९६ मध्ये परराज्यात कैदेत मेला, आणि पुढच्या राजाच्या कारकिर्दीत छ्यू युआनला हद्दपारी भोगावी लागली. इ. स. पूर्व २७८ मध्ये छिनचा सेनापती बाय छी याने छूची राजधानी यिंग घेतली, आणि परंपरा कवीचा अंत याच आपत्तीशी जोडते. त्याचे सर्वांत जुने चरित्र सिमा छियान याच्या 'शिजी' या महान इतिहासग्रंथात आहे. त्यात कवी दगड उराशी धरून मीलुओत उडी घेतो एवढे स्पष्ट म्हटले आहे. परंतु ती कोणत्या महिन्यात व कोणत्या तिथीस घेतली, याविषयी एक अक्षर नाही, आणि नावांचा वा भाताचा तर उल्लेखही नाही. सुमारे इ. स. पूर्व १७६ मध्ये छांगशा प्रांती रवानगी झालेला ज्या यी हा स्वतःही दरबारातून दूर केलेला विद्वान होता. त्याने वाटेत छ्यू युआनच्या स्मरणार्थ शोकरचना करून ती श्यांग नदीस अर्पण केली. घटनेच्या शंभर वर्षांनंतर, घटनास्थळाच्या जवळच, समदुःखी माणसाने वाहिलेल्या या श्रद्धांजलीतही पाचव्या महिन्याच्या पाचव्या तिथीची कोठे आठवण नाही. ती तिथी लोकांत तेव्हाच कवीच्या नावाने रूढ असती, तर असे मौन संभवले नसते.

कवीचे नाव या तिथीशी प्रथम जोडलेले दिसते ते त्याच्या मृत्यूनंतर सुमारे साडेचार शतकांनी. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस यिंग शाओ याने लोकाचारांवर जो ग्रंथ लिहिला, त्याच्या उत्तरकालीन संग्रहांत उद्धृत होऊन उरलेल्या मजकुरात, त्या दिवशी दंडास पंचरंगी रेशीम बांधल्याने शस्त्र आणि पिशाच यांची बाधा टळते व साथीच्या रोगापासून रक्षण होते असे सांगून, ही चाल छ्यू युआनमुळेही पडली असे जाता जाता म्हटले आहे. यातल्या 'मुळेही'मधला 'ही' फार बोलका आहे. चालीस एक कारण आधीच होते, त्यावर हे दुसरे चढवले गेले. भाताची कथा त्याहून उशिराची. वू जुन (४६९ ते ५२०) याने ती एका अद्भुतकथासंग्रहात नोंदली असून तिचा काळ त्याने पहिल्या शतकातला दिला आहे. छांगशाच्या एका रहिवाशासमोर स्वतःस छूचा जुना अधिकारी म्हणवणारा एक पुरुष प्रकट झाला आणि त्याने गाऱ्हाणे मांडले की तुम्ही दरवर्षी माझ्यासाठी जे अन्न पाण्यात सोडता, ते जलसर्प चोरून नेतो; तेव्हा यापुढे त्यावर लियान वृक्षाची पाने लावा आणि पंचरंगी धाग्याने बांधा, कारण या दोन वस्तूंना तो भितो. लियान म्हणजे आपल्याकडे परसदारी लावतात तो बकाण निंब होय. पंचरंगी धागा हे पिशाच पळवण्याचे साधन यिंग शाओच्या काळी आधीच रूढ होते. म्हणजे कथेने चाल निर्माण केली नाही, तर चालत आलेल्या चालीला कथेने एक मालक मिळवून दिला. तिथीचा गोंधळ तर याहून पुढे टिकला. सातव्या शतकात सिद्ध झालेल्या स्वी राजवंशाच्या इतिहासातील भूगोल-प्रकरणात, कवीच्या मागे नावा धावल्याची कथा विस्ताराने सांगताना, त्याने मीलुओकडे प्रयाण केले ते पाचव्या महिन्याच्या पौर्णिमेस, असे नमूद आहे. राजदरबारी इतिहासात स्मृतिदिनच दहा दिवसांनी पुढे सरकलेला असावा, ही गोष्ट मूळ दाव्यास पोषक नाही.

पूर्वेकडे, म्हणजे आजच्या जिआंगसू-झेजिआंग भागात, या दिवसाचा मान वेगळ्याच पुरुषाकडे जात असे. वू राज्याचा मंत्री वू झीशू याने शेजारच्या युए राज्याचा समूळ बंदोबस्त करावा असा आग्रह धरला. राजा फूछाय याने उलट इ. स. पूर्व ४८४ मध्ये त्याच्याकडे तरवार पाठवून आत्मघाताची आज्ञा केली, आणि त्याचे प्रेत चामड्याच्या पखालीत घालून नदीत सोडून दिले. पुढे तो छिएनथांग नदीत उसळणाऱ्या प्रचंड भरतीचा देव मानला जाऊ लागला. या दाव्याच्या बाजूचा दाखला फार मोलाचा आहे, कारण तो तारखेसह मिळतो. इ. स. १४३ मध्ये शांगयू येथील त्साओ श्यू नावाचा एक भगत पाचव्या महिन्याच्या पाचव्या तिथीस भरतीच्या लाटेवर देवाचे स्वागत करण्यास नदीत उतरला असता बुडाला. त्याची चौदा वर्षांची मुलगी त्साओ अ सतरा दिवस काठाने आक्रंदत फिरली आणि शेवटी तिनेही उडी घेतली. १५१ मध्ये तिच्या स्मरणार्थ शिलालेख उभारला गेला, आणि त्या लेखाच्या पाठात ज्याच्या स्वागतास पिता गेला होता तो देव म्हणजे वू झीशूच आहे. म्हणजे दुसऱ्या शतकाच्या मध्यास, भातकथेच्या लेखनापूर्वी तीन शतकांहून अधिक काळ, या नेमक्या तिथीस नदीवर जलदेवतेचे अनुष्ठान होत असे, आणि त्याचा छ्यू युआनशी काडीमात्र संबंध नव्हता. त्या अनुष्ठानात बुडालेल्यासाठी बुडालेली मुलगी पुढे स्वतःच त्या प्रदेशात उत्सवाची तिसरी धनीण झाली, हे लोकस्मृतीच्या स्वभावास धरूनच झाले.

आणखी दोन दावे थोडक्यात आटोपता येतील. उत्तरेकडील शान्शी प्रांतात, जेथे नौकांच्या शर्यतीस पुरेसे पाणीही नाही, ज्ये झीतुई हा राजसेवक डोंगरावर लागलेल्या आगीत जळून मेला तो दिवस हाच, असे दुसऱ्या शतकातील त्साय योंग याच्या नावावरील संगीतकथांच्या ग्रंथात सांगितले आहे. हा पुरुष पुढे वसंतातील 'थंड अन्ना'च्या पर्वाकडे कायमचा वर्ग झाला. दुसरा दावा युएचा राजा गोउज्येन याचा. वूचा सूड घेण्यासाठी त्याने आरमारी कवायत चालवली, तीच शर्यत झाली असे म्हणतात. सहाव्या शतकात झोंग लीन याने छू प्रदेशाच्या वार्षिक आचारांचा जो वृत्तान्त लिहिला, त्याच्या टीकेत दू गोंगजान याने हे सर्व पक्ष शेजारी शेजारी ठेवले आहेत: येथे छ्यू युआन, पूर्वेकडील वू भागात वू झीशू, आणि युएच्या वृत्तान्तानुसार गोउज्येन, आणि पूर्वेकडील चालीचा छ्यू युआनशी संबंध नाही हेही त्याने नोंदवून ठेवले आहे. आधुनिक संशोधकांस जो वाद आपण उकरून काढला असे वाटते, तो चौदाशे वर्षांपूर्वी त्याच ठिकाणी, त्याच पक्षकारांनिशी रुजू झालेला होता.

गोउज्येनची कवायत सोडली, तर या सर्व कथांत एक गोष्ट समान आहे. नायकाचे मरण अपमृत्यू आहे, आणि ते एकाच तिथीवर येऊन पडले आहे. तेव्हा तिथीने नायकांस ओढून घेतले की नायकांनी तिथी घडवली, हा प्रश्न उरतो. आणि त्याचे उत्तर नायकांच्या कथांत नाही, पाचव्या महिन्याविषयीच्या प्राचीन समजुतीत आहे. हा महिना चीनमध्ये 'दुष्ट मास' गणला जाई. उत्तरायणाचा कळस याच महिन्यात होतो, त्यानंतर दिवस लहान होऊ लागतात. कर्मकांडाच्या प्राचीन ग्रंथात या मासी यिन आणि यांग यांची झुंज होते व जीवन-मरणाची वाटणी होते असे सांगून, सुज्ञाने संयमाने घरात राहावे असा आदेश आहे. यांगत्सेच्या खोऱ्यात याच सुमारास दीर्घ पावसाळी दमटपणा सुरू होतो, धान्यास बुरशी येते, साप-विंचू बाहेर पडतात आणि हिवतापाची साथ पसरते. धास्ती केवळ तात्त्विक नव्हती. सर्प, गोम, विंचू, कोळी आणि भेक या 'पाच विषां'ची चित्रे मुलांच्या अंगरख्यांवर काढण्याची पुढची चाल याच भयातून निघाली.

या दिवशी जन्मलेले मूल आईबापांस घातक ठरते, ही समजूत तर पराकाष्ठेची जुनी होती. इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकातील छी राज्याचा सुप्रसिद्ध सरदार मेंगछांग पाचव्या महिन्याच्या पाचव्या तिथीस जन्मला, तेव्हा पित्याने त्यास वाढवू नये अशी ताकीद दिली. आईने त्याला गुपचूप वाढवले. मुलगा मोठा होऊन पित्यासमोर आला आणि कारण विचारू लागला, तेव्हा पिता म्हणाला की असे मूल दाराच्या उंबरठ्यापासून वरच्या चौकटीइतके वाढले की माता-पित्यास अपाय करते. त्यावर मुलाने विचारले, की माणसाचे दैव आकाशाकडून येते की दाराकडून. दाराकडून येत असेल तर दारच उंच करून घ्या म्हणजे झाले. ही हकीकत देणारा सिमा छियान तोच, ज्याने छ्यू युआनच्या चरित्रात तिथीचा उल्लेखही केलेला नाही. तेव्हा या तिथीचे अशुभत्व त्याला ठाऊक होते, कवीशी तिचा संबंध मात्र त्याच्या कानी आला नव्हता, असाच निष्कर्ष निघतो. पहिल्या शतकातील विचारवंत वांग छोंग याने या समजुतीची बुद्धिवादी झडती घेतली, पण ती सुटली नाही. तीन शतकांनंतर याच तिथीस जन्मलेल्या एका नातवाचे नाव आजोबांनी, मेंगछांगचा दाखला देऊन, 'अनिष्टाचा निग्रह करणारा' अशा अर्थाचे ठेवले, आणि तो वांग जेन-अ पुढे नामांकित सेनापती झाला. हान काळच्या राजविधींत या दिवशी दारास तांबडी दोरी आणि पंचरंगी मुद्रा लावून दुष्ट वायू अडवण्याचा नियम होता. झोंग लीनच्या वृत्तान्तात दवण्याच्या कुळातील सुगंधी वनस्पतीचा पुतळा करून दारी टांगणे आणि वेखंड मद्यात घालून पिणे हे आचार आहेत; बाळाच्या अंगास वेखंड लावणाऱ्या मराठी घरास यातील हेतू समजावून सांगावा लागणार नाही. पुढील काळात मद्यात मनशीळ मिसळू लागले, आणि अठराव्या शतकातील नाटकांत तेच मद्य पाजून स्त्रीरूपात वावरणाऱ्या श्वेतसर्पिणीचे खरे रूप उघडे करण्याचा प्रसंग याच सणाच्या दिवशी घडतो.

झोंगझीची गोष्टही याच बाजूस झुकते. तिसऱ्या शतकातील जौ छू (२३६ ते २९७) याने या पदार्थाचे वर्णन केले आहे: रानटी धान्याच्या पानात चिकट भरड धान्य बांधून राखेच्या पाण्यात शिजवतात, आणि पानात गुंडाळलेले हे अन्न यिन व यांग अद्याप वेगळे न झाल्याचे चिन्ह आहे. त्यात कवी नाही. शिवाय हा पदार्थ पाचव्या तिथीस खातात तसा उत्तरायणाच्या शेवटच्या दिवशीही खातात, असे तोच सांगतो. झोंग लीनच्या वृत्तान्तात तर तो उत्तरायणान्ताच्या दिवसाचाच आहार आहे. यावरून सणाचे पक्वान्न आधी सूर्याच्या परतीचे होते, आणि चांद्र तिथीवर ते पुढे स्थिरावले, असे मानणाऱ्या पक्षाचे म्हणणे बरेच बळकट होते.

राहता राहिल्या नौका, आणि त्यांची परंपरा वेगळी काढूनच तपासली पाहिजे. झेजिआंगमधील निंगबोजवळ १९७६ मध्ये सापडलेल्या, इसवी सनापूर्वीच्या काळातील एका काशाच्या परशूवर पिसांचे मुकुट घातलेले चार पुरुष ओळीने नाव वल्हवीत असल्याचे कोरीव चित्र आहे; दक्षिणेच्या जलवासी लोकांचे नौकाविधी कवीच्या कथेची वाट पाहत थांबले नव्हते, हे त्यावरून दिसते. त्या विधीचा अर्थ काय, याचा सर्वांत तपशीलवार जबाब मिंग काळचा मंत्री यांग सीछांग (१५८८ ते १६४१) याने आपल्या वूलिंग गावच्या शर्यतीविषयी लिहून ठेवला आहे. शर्यत छ्यू युआनला बोलावण्यासाठी आहे हे तो मान्य करतो, पण लोक ती अरिष्टनिवारणासाठी मानतात असे सांगून, शेवटी नावा नदीच्या उताराने नेऊन तेथे कागदी द्रव्य जाळतात आणि रोगराई प्रवाहाबरोबर वाहून जावो असा शाप उच्चारतात, याचेही वर्णन करतो. याच लेखाच्या आधारे १९२० नंतरच्या दशकात ज्यांग शाओयुआन याने प्रतिपादन केले की शर्यतीचा मूळ उद्देश शोध नव्हे, विसर्जन होता. तो गावची पीडा नावेत घालून गावाबाहेर सोडणे हा होता. हुपेय प्रांतातील ह्वांगशी शहराच्या शीसाय भागात आजही चौथ्या महिन्याच्या आठवीपासून एक मोठी 'देवनौका' बांधण्याचा विधी चालतो आणि पाचव्या महिन्याच्या अठरावीस ती यांगत्सेत सोडून देतात. तेथे स्पर्धाच नाही, फक्त निरोप आहे. क्वेजौ प्रांतातील म्याओ लोक छिंगश्वी नदीवर आपल्या ओंडक्यांच्या ड्रॅगननौका पाचव्या महिन्याच्या चोविसावीपासून काढतात, आणि त्यांच्या कथेत एका म्हाताऱ्याचा मुलगा ड्रॅगनने मारला म्हणून बापाने ड्रॅगनलाच जाळून मारले व गावांनी त्याचे तुकडे वाटून घेतले. तिथी वेगळी, नायक वेगळा, आणि नौका मात्र तीच: नौका व पाचवी तिथी यांची जोड सर्वत्र नव्हती, याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा?

या विखुरलेल्या साक्षींना एका सूत्रात ओवण्याचा सर्वांत धाडसी प्रयत्न कवी व पंडित वेन यीदुओ याने १९४० नंतरच्या वर्षांत केला. दुआनवू हा वू-युए लोकांचा, ड्रॅगनला कुलदैवत मानणाऱ्या जमातीचा उत्सव होता. अंगावर गोंदण करून ते लोक स्वतःस ड्रॅगनची संतती म्हणवीत, आणि दंडावरचा पंचरंगी धागा हा त्या गोंदणाचाच अवशेष होय, असा त्याचा सिद्धान्त. त्याने उत्सवास पूर्वेकडे आणि छ्यू युआनच्या मागे नेले, हे त्याचे ऋण मोठे आहे. तथापि कुलचिन्हाची जी कल्पना त्याने आधाराला घेतली ती तत्कालीन पाश्चात्त्य मानवशास्त्रातून आयती आलेली होती, आणि मूळ कथांशी ती जुळत नाही. छांगशाच्या कथेत जलसर्प अन्नचोर आहे, म्याओ कथेत ड्रॅगन पुत्रघातकी आहे. ज्याला पाने आणि धागा दाखवून पळवावयाचे, त्यालाच पूर्वज कसे म्हणावे? १९६४ मध्ये स्वीडिश मानवशास्त्रज्ञ योरान आयमर याने हुपेय-हूनान मैदानाचा अभ्यास करून उत्सवाचा संबंध भाताच्या लावणीशी आणि पितरांशी लावला. भातशेतीचे पाणी, बुडालेले आत्मे आणि रोपांची वाढ यांना तो एकत्र पाहतो. विशिष्ट मैदानापुरते हे स्पष्टीकरण समाधानकारक आहे, मात्र उत्तरेकडील कोरड्या प्रदेशातील वेखंड-धाग्याच्या दुआनवूस ते पुरत नाही.

मग इतक्या दावेदारांत छ्यू युआनच का जिंकला? याचे एक कारण लेखनाचे आहे: सहाव्या शतकापर्यंतचे सर्वांत विस्तृत वृत्तान्त छू प्रदेशातील ग्रंथकारांनी लिहिले, आणि त्यांच्या प्रदेशाचा पुरुष पुस्तकांबरोबर देशभर गेला. दुसरे कारण वाचकांचे आहे. पुस्तके वाचणारा वर्ग हाच अधिकाऱ्यांचा वर्ग होता, आणि बदली, बडतर्फी वा हद्दपारी ज्याच्या वाट्यास आली नाही असा अधिकारी विरळा. निर्दोष असून नाकारलेला, आणि नाकारला जाऊनही निष्ठा न सोडलेला कवी हे त्या वर्गाचे स्वतःचेच चित्र होते. वू झीशू हा परराज्यातून आलेला, ज्याने आपल्या जन्मराज्यावर, म्हणजे याच छूवर, सूडाची स्वारी नेली होती; राजनिष्ठेचा आदर्श म्हणून तो अडचणीचा होता. विसाव्या शतकात या निवडीस राष्ट्रीय अर्थ आला. १९४१ मध्ये युद्धकाळच्या राजधानीत, छोंगछिंगमध्ये, लेखकांनी दुआनवू हा 'कविदिन' म्हणून साजरा केला. पुढच्याच वर्षी क्वो मोरो याचे 'छ्यू युआन' हे नाटक त्याच शहरात रंगभूमीवर आले. १९५३ मध्ये जागतिक शांतता परिषदेने कवीचे जगभर स्मरण केले. वेन यीदुओ यानेही, कथा ऐतिहासिक नाही हे सिद्ध करून, सणास आपल्या काळाचा अर्थ द्यावयाचा असेल तर कवीची निवड योग्यच आहे अशी भूमिका घेतली होती. संशोधक म्हणून त्याने कवीचा दावा फेटाळला आणि नागरिक म्हणून मान्य केला, यात विसंगती नाही. ते दोन निराळे प्रश्न होते.

ताज्या इतिहासात हा वाद देशांच्या सीमेवर गेला. दक्षिण कोरियातील गांगनुंग येथील दानो उत्सवास २००५ मध्ये युनेस्कोने मानवतेच्या अमूर्त वारशाच्या श्रेष्ठ नमुन्यांत स्थान दिले, तेव्हा चीनमध्ये आपला सण दुसऱ्याने नेला अशी मोठी ओरड झाली; वस्तुतः गांगनुंगचा उत्सव पर्वतदेवता, ग्रामदेवता आणि मुखवट्यांच्या नाट्याचा आहे, आणि तेथे ना छ्यू युआन आहे ना ड्रॅगननौका. २००८ पासून चीनमध्ये दुआनवूची सार्वजनिक सुट्टी सुरू झाली आणि २००९ मध्ये चिनी दुआनवूही युनेस्कोच्या यादीत दाखल झाला. त्या नोंदीत चार ठिकाणच्या परंपरा एकत्र आहेत: कवीचे जन्मगाव मानले जाणारे झीक्वेय, त्याचे मरणस्थान मीलुओ, वू झीशूचे सूजौ, आणि देवनौकेचे ह्वांगशी. दू गोंगजानच्या टीकेतील जुने पक्षकारच नव्या कागदावर शेजारी शेजारी आले, आणि पुन्हा कोणालाही सर्व हक्क एकट्याने मिळाला नाही.

एवढ्या तपासणीनंतर या प्रश्नाचा निकाल असा द्यावा लागतो. दुआनवूची तिथी आणि तिचे संरक्षक आचार ऋतूच्या भयातून आले, आणि त्यांची साक्ष सर्वांत जुनी आहे. नौका दक्षिणेच्या नदीकाठच्या लोकांकडून आल्या, आणि त्या ठिकठिकाणी वेगवेगळ्या दिवशी निघत. भात उत्तरायणान्ताच्या पंक्तीतून आला. आणि पुरुषांची नावे सर्वांत शेवटी, प्रत्येक प्रदेशाने आपल्या नदीत वा डोंगरावर गमावलेल्या माणसाची निवड करून, या सर्वांवर घातली. म्हणून 'या सणाचे मूळ काय' हा एकवचनी प्रश्न जोवर विचारला जाईल तोवर उत्तर चुकीचेच येईल. तिथीचे मूळ, नौकेचे मूळ, अन्नाचे मूळ आणि नावाचे मूळ असे चार प्रश्न वेगळे केले की प्रत्येकास आपापला काळ आणि प्रदेश मिळतो. छ्यू युआनच्या कथेस यात चौथ्या प्रश्नाचे उत्तर म्हणून पूर्ण मान आहे, आणि पहिल्या तीन प्रश्नांत तिला साक्षीदार म्हणून उभे करण्याचा आग्रह सोडल्याने तिची थोरवी तिळमात्र कमी होत नाही.